कचरापेटीतले फोटो

डोंगरकड्याच्या दीपमालाची नजर चार वर्षांपूर्वी गेली. त्याआधी ती लग्नाबारशांचे फोटो काढायची. आता ती बी.एड. करत होती. तिच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज होता. त्याच्या भरवशावर ती अभ्यासाचं लिहायची.

शनिवारी दुपारी लिहिता लिहिता लिहायचा प्रोग्राम आपोआप बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला तो आवाजही गेला.

तिने आईला हाक मारली. मिराबाई शेळ्यांपुढचा पाला सोडून आत आली.

"माय, प्रोग्राम काहून बंद पडून राहिला ते टर्मिनलमधी लिहून येतं. तेवढं वाच."

"मला इंग्रजी कुठं येतं, लेकरा?"

"अक्षर कसं दिसतं ते सांग."

दीपमालाने अंदाजाने बटणं दाबून टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि तिथून प्रोग्राम सुरू केला. तो बंद पडला, पण पडताना एक ओळ सोडून गेला.

मिराबाई पडद्याजवळ वाकली. "दोन काठ्या, मधात एक तिरपी. मंग गोल. मंग थोडं रिकामं. मंग सापावानी वळलेलं. मंग काठी, वर उजव्या अंगाला पोट..."

"बास. 'नो स्पेस'. लॅपटॉपमधी जागा उरली न्हाई."

तिने पाठ असलेली आज्ञा टाइप करून काही जुन्या फायली पुसल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आवाज परत आला. जागा कशाने खाल्ली ते ती शोधत गेली, तेव्हा आवाज म्हणाला: कचरापेटी, अकरा हजार फोटो.

नजर गेली त्या महिन्यात तिनेच ते रागारागाने फेकले होते. पेटी रिकामी करायची राहिली होती.

"पुसून टाकते," ती म्हणाली.

"थांब. एक तरी उघड. मी कवा पाह्यलेच न्हाईत."

तिने एक उघडला. मिराबाई पुन्हा पडद्याजवळ वाकली.

"नवरी हाय. चुलीपाशी बसली. एकलीच."

"उजेड कोणत्या बाजूनं हाय?"

"डावीकून. अर्धं तोंड अंधारात."

"मग बराबर निघाला," दीपमाला म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत मिराबाई फोटो सांगत राहिली. त्यांतले साठ दीपमालाने ठेवले. बाकीचे सगळे तिने स्वतःच्या हाताने पुसले आणि लिहायचा प्रोग्राम उघडला. या वेळी तो उघडाच राहिला. दुपारी ज्या वाक्यावर लिखाण तुटलं होतं, ते आवाजाने वाचलं. आई शेजारून उठली नाही, आणि दीपमाला पुढचं लिहू लागली.