सात खुंट्या

आमच्या अंथुर्ण्याच्या घरात पडवीला लागून एक खोली आहे. खोली म्हणायचं आपलं, मशीन आणि मी आत गेलो की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढीच. सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हा तिथं लोकर भरून ठेवायचे. मेंढरं विकून सहा वर्षं झाली, तरी पावसाळी हवेत तिथं लोकरीचा वास सुटतोच. मी तिथं शिवणकाम करते. त्या वासाबद्दल मला कुणी काही बोललेलं खपत नाही, मी स्वतः बोलते ती गोष्ट वेगळी.

खोली रंगवायचं निघालं ते लीलाबाईंमुळं. लीलाबाई म्हणजे ओढ्यापलीकडच्या बागायतदारीण, ऊसवाल्या. त्यांच्या लेकीचं, उत्कर्षाचं, लग्न ठरलं होतं आणि अकरा ब्लाऊज शिवायचे होते. पोरीला माझाच हात हवा होता, पण आईचं मन माझ्यावरून उडालं होतं. त्याला कारण नागपंचमीला घडलेलं. मी चुलीपाशी होते, त्या आल्या, आपलं म्हणून शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं उचलून घेऊन गेल्या, आणि ते निघालं निरवांगीच्या दगडाबाईचं. मी चार बायकांसमोर त्यांना म्हणाले होते, "काकी, एवढ्या मोठ्या अक्षरात नाव लावलंय, तरी दुसऱ्याचं कसं काय नेलंत?" त्यानंतर त्या आमच्या दारात आल्या नाहीत.

आता निरोप आला होता: गुरुवारी येऊन बघते, तुझ्याकडं काही शिस्त असली तर कापड ठेवते, नाहीतर बारामतीला जाते. अकरा ब्लाऊज बारामतीला गेले असते, तर उद्या गावातल्या बाकीच्या लग्नांनीही तीच वाट धरली असती. मला ते नको होतं. सातवीत माझं अक्षर शाळेत पहिलं आलं होतं आणि हात शिवणात बसला होता, याखेरीज माझं असं माझ्याकडं दुसरं काय होतं?

नागेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बारामतीहून चुना आणि निळीची पुडी आणली. चुना रात्रभर भिजवला. सासऱ्यांनी, तात्याबांनी, केकताडाचं, म्हणजे घायपाताचं, पान ठेचून कुंचला करून दिला. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मेंढरं गेल्यापासून मामांच्या हातांना काम नाही, त्यामुळं कुणाचंही काम दिसलं की ते हात पुढं करतात. बुधवारी सकाळी मामांनी आणि मी मिळून खोली पांढरी केली. फळीला जुन्या साडीचा काठ लावला. बटणं रंगानुसार बरण्यांत भरली. मशीन खिडकीकडं फिरवलं, म्हणजे उजेड डाव्या बाजूने सुईवर पडावा. समोरच्या भिंतीत सात खुंट्या ठोकल्या, गिऱ्हाइकाच्या एका घराला एक. खोली अशी काही उजळली की मला तिथून हलवेना.

पण पाणी भरायला हलावंच लागलं. परत येऊन बघते तर माझ्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक खुंटीच्या वर तांबड्या हुरमुंजाच्या खुणा. मेंढराच्या पाठीवर मारतात ना, तोच हुरमुंज, गोडेतेलात कालवलेला. कुठं दोन रेघा आणि मध्ये गोल, कुठं आडवी रेघ, कुठं तीन ठिपके. मामा बोट पुसत उभे.

"हे काय केलंत मामा?"

"खुणा केल्या. गाठुडी मिसळत्यात म्हनलीस न्हवं? कळप मिसळला तर आमी असंच वळखायचो."

"ही भिंत हाय, मेंढरू न्हाय."

माझा आवाज चढला होता. मामांनी हुरमुंजाची वाटी उचलली आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. जेवायलाही दोन हाका माराव्या लागल्या. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. मी खुणांवर चुन्याचे दोन हात मारले आणि खाली प्रत्येक खुंटीला नावाची चिठ्ठी डकवली. अक्षर असं काढलं की बघत राहावं.

सकाळी चुना वाळला आणि तेलकट हुरमुंज खालून वर आला. ठसठशीत नाही, फिका गुलाबी, पण सातही खुणा दिसत होत्या. जुनी कॅलेंडरं लावून खुणा झाकाव्यात म्हणून उठले, तोवर लीलाबाई दारात. काखेत कापडाचं गाठोडं.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. काठाला हात लावून बघितला. "बरं केलंयस," म्हणाल्या. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण मला शिस्त दाखवायची होती. मी म्हणाले, "काकी, तुमची खुंटी बी हाय. तुमीच शोधा बघू."

त्या भिंतीसमोर गेल्या. पहिल्या चिठ्ठीपाशी थांबल्या, मग तिसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं. त्यांचे डोळे माझ्या सुंदर अक्षरांवरून नुसते सरकत होते. मग ते जरा वर गेले आणि थांबले.

"ही," त्या म्हणाल्या. "ही आमची खुंटी."

"व्हय. पण कशावरून ओळखलीत?"

"दोन चिंचा न् मधी हीर. आमच्या रानात दुसरं हाय काय? तात्याबा तितंच तर मेंढरं बसवायचा, खतासाठनं." त्यांनी खुणेवरून बोट फिरवलं. "पंचमीला बी असं काढलं असतंस, तर चुकले नसते मी."

मला तेव्हा कळलं. चार बायकांसमोर मी त्यांना काय विचारलं होतं, तेही तेव्हाच कळलं. "काकी, चूक माझी व्हती," एवढंच म्हणाले.

गाठोडं त्यांनी स्वतःच्या हाताने त्या खुंटीला अडकवलं, चिठ्ठीकडं न बघता. "आस्तर चांगलं घाल," म्हणाल्या, आणि जाताना लिंबाखाली मामांपाशी थांबून विहिरीचं पाणी कुठवर आलंय ते सांगत बसल्या.

त्या गेल्यावर मी मामांपुढं चहा ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"मामा, हुरमुंज उरलाय का?"

"कशाला?"

"दगडाबाईची खूण लई फिकी झालीया."

मामांनी चहा तसाच ठेवला आणि वाटी आणायला उठले.