दिवे लागायच्या आत घरात

वस्तीवरच्या बायका दोन वर्षं यशोधराला एकच गोष्ट ऐकवत होत्या. "तुझी रत्ना लई गुणाची गं. कधी बाहेर हुंदडताना दिसत न्हाई." खोटं कशाला बोला, ते ऐकून यशोधराची मान दोन बोटं वर व्हायची. आमच्या पोरीला सांगावं लागत नाही, हाक मारली की घरातूनच ओ येते, असं तीही चारचौघींत सांगायची. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा बक्षीसबिक्षीस असेल असं वाटून ती ठेवणीतली साडी नेसून गेली.

डुंबरे सरांनी नववीचं प्रगतिपुस्तक तिच्यापुढं सरकवलं. विज्ञानात चाळीसपैकी नऊ, गणितात अकरा. सातवीपर्यंत ही पोरगी पहिल्या तिघींत होती. यशोधरानं नाव नीट वाचलं, न जाणो दुसऱ्या कुणाचं असायचं. नाव रत्नाचंच होतं.

"वर्गात झोपते," सर म्हणाले. "फोनवर बंदुकांचा खेळ खेळते, असं कळलं. तीन-तीन, चार-चार तास. घरात कुणी बघत नाही का तिच्याकडे?"

आता काय सांगणार, कपाळ? बघत होती की. रोज बघत होती. फोन तिच्या हातात देणारी तीच तर होती.

त्याचं असं झालं. त्यांची वस्ती ओझरच्या पुढं कालव्याच्या अंगाला, चहूबाजूंनी ऊस. दोन वर्षांमागं शेजारच्या गेणभाऊंच्या गोठ्यातून बिबट्यानं कालवड उचलली. तीही ऐन दिवेलागणीला, माणसं अंगणात चहा पीत असताना. त्या दिवसापासून वस्तीचा नियमच झाला, दिवे लागायच्या आत पोरं घरात. रत्ना त्याआधी शाळेतून आली की गावठाणात पळायची. अंधार पडेस्तोवर खो-खो, मग तिथूनच बुद्धविहारातली अभ्यासिका. रिटायर झालेले पोस्टमन भिमाजीतात्या तिथं पोरांना शिकवतात, पैसा घेत नाहीत, चूक मात्र सोडत नाहीत. हे सगळं एका दिवसात बंद पडलं. पोरगी आठ दिवस दारात बसून रडली. शेवटी यशोधरानं लॉकडाऊनच्या शाळेसाठी घेतलेला फोन तिच्या मांडीवर ठेवला. "हे घे, काय करायचं ते कर, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको."

पोरगी गप झाली आणि आईला वाटलं, सुटलो. राखणीला म्हणून घातलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं, आणि शेताची मालकीण बाहेर उभी राहून कुंपणाचं कौतुक करत होती. दुसरं काय म्हणायचं याला?

नवरा, धम्मपाल, आळेफाट्यावरून टोमॅटोचा टेम्पो चालवतो. त्यानं प्रगतिपुस्तक पाहिलं, मिटलं, जेवण पुरं केलं आणि हात धुता धुता म्हणाला, "जानेवारीच्या चाचणीत परत ह्येच झालं, तर पिंपरीला आत्याकडं ठिवू तिला. तिथं बिबट्या न्हाई."

"आन मी?" यशोधरानं विचारलं.

"तिथं तू पण न्हाई," तो म्हणाला. माणूस दुष्ट नव्हे, पण बोलला ते बोललाच.

एकुलती एक पोरगी. ती घरात नसलेलं घर यशोधराला डोळ्यापुढं आणवेना. घाबरलेली आई करते तेच तिनं केलं. रत्नाला नको नको ते बोलली, आळशी म्हणाली, खोटारडी म्हणाली, आणि फोन ट्रंकेत घालून कुलूप लावलं. रत्ना भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडलीच नाही. संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची, आणि जेवायला हाक मारायला जावं तर तेच पान उघडं. असे तीन दिवस गेले. ओल्या साबणासारखा अभ्यास काही हातात येईना. चौथ्या दिवशी यशोधरानं स्वतःच कुलूप काढलं आणि फोन घेऊन पोरीशेजारी बसली.

"दाव मला. काय हाये एवढं त्यात?"

रत्नानं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं, हा कुठला नवा डाव म्हणून. मग खेळ लावला. यशोधराला वाटलं होतं, धाडधाड गोळ्या आणि रक्त दिसेल. दिसलं ते मोकळं रान. कमरेएवढं गवत, लांबवर टेकडी, उतरतं ऊन. तीन पोरी पाठीला बंदुका लावून त्या गवतातून पळत होत्या.

"ह्या कोण?"

"ही मी. ही आशा. ही वरच्या मळ्यातली सुजाता. तिला पण सोडत न्हाईत घरातनं."

"शाळेतल्या आशा-सुजाता? त्या रोज भेटत्यातच की तुला."

"कुठं भेटत्यात? तास सुटला की बस, बसमधून उतरलं की घर. आमी हितंच भेटतो." रत्नानं बोटानं पडद्यावरची पोरगी टेकडीवर चढवली. "ह्यात मारामारी पण असतीय. पण लई वेळा आमी नुसत्याच फिरतो. हितं संध्याकाळी फिरलं तरी चालतं."

एवढी मोठी खरी रानं दाराशी, आणि पोर फिरायला कुठं जाते, तर तळहाताएवढ्या काचेत. राग कुणावर काढावा तेच तिला कळेना. तिनं फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "उद्यापास्नं तात्यांच्या अभ्यासिकेत जायचं. आशाला आन सुजाताला पण तिथं धाडा, असं त्यांच्या आयांना मी सांगते. तुला न्यायला-आणायला मी येईन."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दोघी निघाल्या. यशोधराच्या हातात काठी, रत्नाच्या पाठीला दप्तर. अंगण संपलं, उसातली पायवाट सुरू झाली, आणि रत्ना जागच्या जागी थांबली.

"आई, मला न्हाई जमायचं."

यशोधरा चिडून काहीतरी बोलणार होती, पण तिनं पोरीचा हात धरला, तर तो गार पडलेला. खेळात टेकड्या चढणारी ही पोरगी घरापासून वीस पावलांवर लटलट कापत होती. आळशी म्हणाली होती ना आई तिला? पोर आळशी नव्हती, भ्यालेली होती. उसात काय दडून बसलंय हे दोन वर्षं रोज संध्याकाळी तिला सांगणारी तरी कोण होती?

"माझा हात सोडू नको," यशोधरा म्हणाली. "आन मोठ्यानं बोलत चल."

बिबट्याच्या मुलखात चालायची रीतच तशी आहे. माणसाचा आवाज आला की जनावर वाट सोडतं. रात्री उसाला पाणी धरायला जाणारे गडी खिशातल्या फोनवर गाणी वाजवत जातात. यांचा फोन तर घरात राहिला होता.

"काय बोलू?" रत्नानं विचारलं.

"इज्ञान बोल. पाठ असंल ते."

रत्नानं सुरू केलं. "न्यूटनचा पहिला नियम. वस्तूवर बाहेरून बल लागलं नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी सरळ रेषेत चालत राहते." पहिल्यांदा आवाज घशातच राहिला. दुसऱ्यांदा जरा मोकळा झाला. तिसऱ्यांदा पाचटावरची पाखरं उडाली. मग ती म्हणाली, "दुसरा नियम," आणि गप्प झाली.

वाट अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती. दोन्हीकडून ऊस सळसळत होता आणि रत्नाची नखं आईच्या तळहातात रुतली होती. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. यशोधराला न्यूटन येत नव्हता, ऐनवेळी गाणंही आठवेना. मग चार दिवस पोटात होतं तेच बाहेर आलं, शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्या आवाजात.

"रत्ने, तुझं काय चुकलं न्हाई. फोन मी दिला. तू गप बसावं म्हणून दिला. तू गप बसलीस आन मी बायकांत मिरवत बसले. तू शिकतीस का न्हाई, ते मी कधी इचारलंच न्हाई. आन सरांनी बोलावलं तवा सगळं तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं. ऐकलंस का?"

पलीकडच्या बांधावरून गेणभाऊ ओरडले, "कोण हाय रं तिकडं?"

"मी हाये भाऊ, यशोधरा. पोरीला अभ्यासाला नेते."

गेणभाऊंनी सगळं ऐकलं असणार. उद्या सकाळपर्यंत वस्तीला कळणार. कळू दे, तिनं ठरवलं. थोडं पुढं गेल्यावर रत्ना बोलली, आईसारखीच मोठ्यानं. "आन मी परत नापास झाले तर? पिंपरीला धाडशील?"

"न्हाई. नापास झालीस तरी न्हाई. तुझ्या बापाला काय सांगायचं ते मी सांगीन."

रत्नानं आईचा हात आणखी घट्ट धरला. पुढं विहाराचा दिवा दिसायला लागला होता, आता ओरडायची तशी गरज उरली नव्हती. तरी ती ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून, रडत रडत. "मला दुसरा नियम येत न्हाई. पहिला नुसता पाठ केलाय, कळला न्हाई. सातवीनंतरचं मला कायपण कळत न्हाई, आई. कायपण न्हाई."

अख्ख्या गावठाणाला ऐकू गेलं. यशोधरानं तिला गप केलं नाही.