कुंकवाखालचा काटा

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर मीटर आहे. जन्म साताऱ्याच्या कारखान्यातला, नोकरी कुंडलला, गुणमालावहिनींच्या बोअरच्या तोंडावर. बोअरला पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. इथं उकळतं पाणी लागलं, तेव्हा आधी सगळे पळाले, मग पेढे वाटले.

त्या पाण्याचे पाइप शेडमधून फिरवून वहिनी बेदाणा वाळवू लागल्या. अवकाळी पावसात इतरांचा माल काळवंडायचा, आमचा पिवळाधमक. माझा काटा सहावर ठाम. पाहुण्यांना मला दाखवायचे. मी फुगायचो.

बोअर मारणाऱ्यानं एकच अट घातली होती. ऊब काढून घेतलेलं पाणी शेजारीच मारून दिलेल्या दुसऱ्या बोअरमधून परत जमिनीच्या पोटात सोडायचं, तरच खालचा दाब टिकेल. वहिनींचे यजमान श्रेणिकदादा यांना ते पटेना. "आयतं पाणी आन् परत जमिनीत वतायचं? लोक येड्यात काढतील गं!" असं म्हणून त्यांनी ते उसाला वळवलं. ऊस खूश झाला.

वर्षं गेली. काटा सहावरून पाचावर, पाचावरून चारावर आला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, फक्त थरथरता येतं. त्यात दर खंडेनवमीला अवजारांबरोबर माझीही पूजा. दादा इतक्या भक्तीनं हळदकुंकू थापत, की आकडेच झाकले गेले. मला सगळे नमस्कार करत, वाचत कुणीच नसे.

यंदा उन्हाळ्यात बेदाणा ओलाच राहिला. वहिनींनी घाबरून पदरानं माझं तोंड पुसलं. काटा तीनवर!

"आवं, ह्यो बघा की!"

"म्हातारा झालाय त्यो. नवा आणतो."

नवा आला. बसवला. तोही तीनवरच थांबला.

"दादा, ह्यो बी म्हाताराच निघाला की!" शेडवर बेदाणा निवडणाऱ्या रंगुबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. शेड बंद पडली तर त्यांचीही चूल अडणार होती.

वहिनी उठल्या. उसाचा कॉक बंद करून त्यांनी पाणी परतीच्या बोअरला सोडलं. "निम्मी शेड बंद ठिवा. खालच्याला जरा दम खाऊ द्या."

नवा मीटर फवारणीच्या पंपावर गेला, मी जागेवर परतलो. आता काटा तीनच्या किंचित पुढं सरकलाय. दाब परततोय. पण खालच्या दगडांची गेलेली ऊब कधी परतेल, परतेल की नाही, ते मला कळत नाही. मी दाब मोजतो, ऊब नाही. म्हणून धाकधूक असते.

परवा खंडेनवमीला दादा तबक घेऊन आले. माझ्यासमोर थबकले, आणि कुंकू माझ्या पाठीला लावलं.

मित्रांनो, पूजा खुशाल करा. फक्त आधी काच पुसा.