एका पायावर

फुटबॉलचा हा क्लब ना धड वर होता, ना धड खाली. गुणतक्त्यात नववा, दहावा, फार तर अकरावा. यापलीकडे त्याची मजल कधी गेली नाही आणि तळाशीही तो कधी गेला नाही. क्लबच्या डॉक्टरबाईंचे सासरे हयात होते तोवर याचं कुणाला वाईट वाटत नसे. क्लब त्यांनीच काढलेला, आणि तिकिटांवर कसाबसा चालायचा. मग टीव्ही आला. टीव्हीच्या पैशाने प्रेक्षकांवर छप्पर आलं, हिरवळीखाली नळ आले, खेळाडूंचे पगार वाढले. बघता बघता क्लब त्या पैशावर असा रेलला, की तिकिटांची खिडकी बंद पडली असती तरी कुणाच्या लवकर ध्यानात आलं नसतं.

आता वाहिनीने हात आखडता घेतला होता. पुढच्या मोसमापासून पहिल्या आठ संघांना पूर्ण वाटा, बाकीच्यांना उरलंसुरलं. आणि शेवटच्या सामन्याच्या सकाळी क्लब नववा होता.

"वहिनी, आज जिंकलो तर वाचलो," दीर म्हणाले. क्लबचे अध्यक्ष आता तेच. "नाहीतर तुमची ही खोली भाड्याने द्यावी लागेल. दातांच्या डॉक्टरला. त्याच्या दाराशी निदान रांग तरी लागते."

"मग मी त्याच्याकडे कंपाउंडर म्हणून राहीन, भाऊजी."

दीर हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. घाबरले की ते थट्टा करत, आणि आज सकाळपासून त्यांनी एकही गोष्ट सरळ सांगितली नव्हती.

खोली लहानशीच होती. रेक्झिनचा उंच बाक, हात धुवायचं बेसिन, औषधांचं कपाट आणि भिंतीवर एक टीव्ही. त्याचा आवाज डॉक्टरबाई बंद ठेवत. त्यावर मोसमभर एकच जाहिरात येत-जात होती. मोसमाच्या सुरुवातीला वाहिनीने प्रत्येक क्लबातल्या एका खेळाडूला घेऊन एकेक जाहिरात केली होती. इथला कर्णधार आपल्या जाहिरातीत डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून एका पायावर उभा होता, डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. शेजारून ढोल जातो, कुत्रं जातं, कुणीतरी त्याच्या कानाशी शिट्टी मारतं. पेल्यातलं पाणी हलत नाही. बाकीच्या क्लबांच्या जाहिराती मध्यंतरी बदलल्या. हिच्यासाठी दुसऱ्यांदा कॅमेरा पाठवायची गरज वाहिनीत कुणाला वाटली नाही.

कर्णधाराला सगळे खांब म्हणत. उंचीमुळे, आणि बचावाच्या मधोमध तो गाडल्यासारखा उभा राही म्हणून. हवेतून येणारा प्रत्येक चेंडू तो डोक्यावर घ्यायचा. डॉक्टरबाईंना या डोक्याची काळजी होती. काळजी मोजता यावी म्हणून त्यांनी क्लबात एक पद्धत घालून दिली होती. मोसमाच्या आरंभी प्रत्येकाची तपासणी करायची. काही शब्द ऐकून परत म्हणायचे, महिने उलटे म्हणायचे, मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. तोल किती वेळा गेला ते त्या लिहून ठेवत. पुढे कधी डोक्याला मार लागला की हीच तपासणी पुन्हा करायची आणि आकड्याशेजारी आकडा ठेवायचा. मार बसलेला माणूस स्वतःविषयी खरं बोलत नाही, आकडा बोलतो, असं त्या सांगत. दीरांनी हे वाक्य दोन मुलाखतींत स्वतःचं म्हणून वापरलं होतं.

सामन्यात मैदानाच्या कडेला त्यांच्या खुर्चीजवळ एक छोटा पडदा आणि वाहिनीशी बोलायला माइक असे. एरवी कुणी पडलं की वाहिनीची माणसं तोच क्षण चारी बाजूंनी पुन्हा दाखवत. आज विजेतेपदाचा निकाल दुसऱ्या मैदानात लागायचा होता आणि कॅमेरे तिकडे गेले होते. इथे तीन उरले.

मध्यंतरानंतर लगेच कॉर्नर आला. खांब उडाला, प्रतिस्पर्धीही उडाला, आणि दोन डोकी एकमेकांवर आपटल्याचा आवाज डॉक्टरबाईंपर्यंत आला. खाली येताना खांबाची कानशिलाची बाजू गोलच्या उभ्या दांडीवर आपटली.

"खांब खांबावर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग खिदळली.

डॉक्टरबाई धावत सुटल्या होत्या. खेळाडूंच्या पायांच्या गर्दीतून त्यांना तो क्षणभर दिसला. पाठीवर पडलेला, आणि एक हात हवेत ताठ, बोटं फाकलेली. तो हात कशाला धरायला उठलेला नव्हता. दुसऱ्या क्षणी पाय आडवे आले. त्या पोचेपर्यंत खांब उठून बसला होता आणि पंचाशी हुज्जत घालत होता.

त्याला आत नेता नेता त्यांनी पडद्यापाशी थांबून त्यात डोकावलं. पडद्यावर दुसऱ्या मैदानातला गोल चालू होता.

"आमचा कॉर्नर पुन्हा दाखवा," त्या माइकमध्ये म्हणाल्या.

"त्यात काही नाही मॅडम," पलीकडचा आवाज थकलेला होता. "नुसती पाठमोरी गर्दी. तो कोपरा आज आमच्याकडे नाहीच."

खोलीत खांब बाकावर बसला. शब्द त्याने म्हटले, काही गाळले. महिने उलटे म्हणताना एकदा अडला. मग तो एका पायावर उभा राहिला आणि त्याचा तोल जाऊ लागला. डॉक्टरबाई मोजत होत्या. त्यांनी मोसमाच्या आरंभीचा आकडा काढून शेजारी ठेवला. तेव्हाही तो असाच डगमगला होता. घोटा दुखतोय म्हणाला होता.

दीर दारात येऊन उभे होते. "काय म्हणतोय आकडा?"

"जुळतोय."

"मग अडलंय कुठे?"

"हात दिसला मला. ताठ झालेला. तो मेंदूला मार बसल्याशिवाय तसा होत नाही."

"पडद्यावर दिसला?"

"नाही. मैदानात. क्षणभर."

"वहिनी," दीरांच्या आवाजात थट्टा नव्हती, "आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना? आपण बोलायचं नाही, आकडा बोलतो."

"डॉक्टर, सोडा ना आता," खांब म्हणाला. "तुम्ही डोकं तपासेपर्यंत मास्तरांनी माझ्या जागी तात्पुरतं त्या पोरसवद्या बदलीला उतरवलंय. चेंडू आला की तो डोळे मिटतो. मी निदान उघडे ठेवतो."

मास्तर म्हणजे प्रशिक्षक. त्यांचं ओरडणं भिंतीतून ऐकू येत होतं.

जे एकदाच दिसलं, एकाच माणसाला दिसलं, आणि कशानेच टिपलं नाही, त्याला निरीक्षण म्हणायचं का? विद्यार्थी असताना डॉक्टरबाईंनी याचं उत्तर न अडखळता दिलं असतं. आताही त्यांना तेच सुचलं. समोर दोन आकडे होते आणि दोन्ही त्यांच्याच अक्षरात होते.

"डोकं जड वाटलं, मळमळलं, तर लगेच हात वर करायचा," त्या म्हणाल्या. "जा."

त्याने हात वर केला नाही. आलेला प्रत्येक चेंडू त्याने कपाळावर घेतला आणि प्रत्येक वेळी डॉक्टरबाईंनी खुर्चीची कड धरली. संपत आलेल्या सामन्यात क्लबने कसाबसा एक गोल घुसवला. शिट्टी वाजली. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. खांब मात्र एकटाच पलीकडच्या टोकाला गेला आणि पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांपुढे टाळ्या वाजवत उभा राहिला. ते त्याला शिव्या देत होते. तो मान डोलवत होता.

डॉक्टरबाई त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन आल्या. वाटेत त्याने दोनदा भिंतीचा आधार घेतला. बाकावर बसून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला. त्या बांधलेल्याच होत्या.

"कधी सुरू व्हायचाय सामना?"

त्यांनी त्याला आडवं केलं आणि बॅटरी डोळ्यांवर धरली. एक बाहुली आक्रसली. दुसरी मोठीच राहिली. त्यांनी दारातून रुग्णवाहिकेला हाक दिली, आणि आपला आवाज चढलाय हे त्यांना स्वतःलाच नवलाचं वाटलं.

मास्तर ओल्या शर्टाने आत घुसले. "आठवे! डॉक्टर, आठवे! हा काय झोपलाय? उठ रे खांबा!"

"हात लावू नका त्याला."

मास्तर जागच्या जागी थांबले. भिंतीवरच्या मुक्या टीव्हीवर जाहिरात लागली होती. डोळे मिटलेला खांब, कमरेवर हात, डोक्यावर पेला. ढोल गेला. कुत्रं गेलं. पाणी हललं नाही. मोसमभर डॉक्टरबाईंनी ही जाहिरात पाहिली होती, हसल्याही होत्या. आज पहिल्यांदा त्यांची नजर पेल्यावरून खाली त्या एका पायावर गेली. उजवा पाय. ज्या पायाचा घोटा दुखत होता तोच. तपासणी झाली त्याच आठवड्यात ती माणसं कॅमेरे घेऊन आली होती.

"मास्तर," त्या हळू म्हणाल्या, "मोसमाच्या सुरुवातीला हा माझ्यासमोर इतका का डगमगला?"

मास्तर अजून जिंकण्याच्या तारेत होते. "अहो, सगळेच डगमगतात की! जुने लोक नव्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात. आरंभी ताठ उभा राहिलास, तर पुढे डोक्याला लागल्यावर बाहेर बसशील."

"सगळेच?"

"हो. शब्दही गाळतात." मग त्यांनी बाकाकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर... तुम्हाला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम कानाडोळा करता."

कपाटात त्या सगळ्यांचे आकडे होते. एकही खरा नव्हता.

तेवढ्यात दीर आले, मागे वाहिनीचा एक माणूस माइक घेऊन. "वहिनी, दोनच वाक्यं. आज पहिल्यांदा ते आपणहून आपल्याकडे आलेत. कर्णधारच हवाय म्हणतात..." बाकाकडे लक्ष गेलं तसे ते थांबले. खांबाच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओकारी गळत होती आणि त्याच्या घोरण्याचा आवाज वेगळाच येत होता. दीरांनी मागे न वळता माइकवाल्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाहेर ढकललं. थट्टा त्यांना सुचली नाही.

स्ट्रेचर आलं. डॉक्टरबाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. ते उशीवर टेकेपर्यंत त्यांनी पकड सोडली नाही. रुग्णवाहिकेत चढताना कपडे बदलायच्या खोलीतले त्याचे रोजचे बूट कुणीतरी त्यांच्या हातात दिले. खेळायला उतरताना तो फोन बुटात ठेवायचा. फोन वाजत होता.

त्यांनी तो उचलून "हॅलो" म्हटलं. त्याची बायको होती. मागे टीव्हीचा आवाज येत होता, मोठा.

"ताई, तुम्ही? त्यांना द्या ना. मगाचपासून लावतेय. जिंकलात ना! मी पहिल्यापासून बघत होते, जागची हलले नाही."

"ऐका. आम्ही त्याला दवाखान्यात नेतोय. तुम्ही कुणाला तरी सोबत घ्या आणि निघा."

"दवाखान्यात?" ती हसली. आपली गंमत चाललीय असं तिला वाटलं असावं. "काहीतरीच काय, ताई. मी सगळा सामना बघितला म्हणतेय ना. मध्ये आत गेले होते, पण परत येऊन खेळले की. त्यांना कुठे काय लागलं?"

दार बंद झालं, गाडी हलली. डॉक्टरबाईंचा दुसरा हात खांबाच्या मनगटावर होता आणि खांबाचा तो हात आता पुन्हा ताठ होऊ लागला होता.

"लागलं," त्या म्हणाल्या. "मी बघितलं होतं."