काशीबाईंनी आखलेले डोळे

मी एक जुना गणपती आहे. मित्रांनो, गणपती जुना असणे हीच मुळात नामुष्की. आमच्यात दहा दिवस म्हणजे दीर्घायुष्य. १९९१ साली पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या एका कारखान्यात मी घडलो, टेम्पोत चढवताना सोंड तुटली आणि फळीवरच राहिलो. मोडक्या मूर्तीचे डोळे कोण आखणार? चार वर्षे माझ्या मुकुटावर ब्रश वाळत घातले गेले.

डोळे नव्हते, पण कान सुपाएवढे होते. नाथा कारागीर सोनेरी रंगाच्या बाटल्या पिशवीत घालायचा, ते मला ऐकू यायचे. वर मलाच म्हणायचा, "तुला डोळं नायत, म्हंजे तू अजून देव नाय." शास्त्र बिनचूक होते.

शेवटी मालक महिपतीशेठ काशीबाईंना म्हणाले, "याचे डोळे आख गो. देव बघतोय म्हटल्यावर चोरी थांबेल." काशीबाई नऊ वर्षे डोळे आखत होत्या, तसा हात कारखान्यात दुसरा नव्हता. त्यांनी सकाळी मला दृष्टी दिली. मी पहिल्यांदा जग पाहिले. समोर दोनशे गणपती, सगळे पाठमोरे.

दुपारी शेठनी सर्वांना माझ्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. नाथाने सगळ्यांत आधी घेतली. रडलासुद्धा. काशीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"घे गो काशी, उगाच कामाचा खोळंबा नको."

"मी चोरी केली नाय, शेठ."

"मग हात ठेवायला काय होतंय?"

"ह्ये डोळं सकाळी मीच काढलं, अजून वाळलं पन नायत. काल ह्यो बघत नव्हता, तवा मी चोरी केली काय? नऊ वर्सं माझा शब्द चालला. आता ह्याला इचारून चालनार?"

नाथा हळूच म्हणाला, "ज्याच्या मनात पाप, त्यालाच देवाचं भ्याव, शेठ."

शेठना ते पटले. काशीबाईंनी आपले ब्रश धुतले, पुसून जागेवर ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मिठागरावर मजुरीला जाऊ लागल्या. त्या निघाल्या तेव्हा मला डोळे मिटायचे होते. मिटणारे डोळे कुणी आखत नाही.

नाथाने मला मनोभावे नमस्कार केला, भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि बाटली उचलली. त्या वर्षीच्या सगळ्या मूर्तींचे डोळे त्यानेच आखले. घरोघरी माणसे त्या डोळ्यांपुढे हात जोडून उभी राहिली.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ झटकता, उपकार आहेत. पण एखादे माणूस नऊ वर्षे तुमच्या डोळ्यांदेखत सरळ वागले असेल, तर त्याची खात्री करायला आमच्याकडे येऊ नका. आम्हाला साक्ष देता येत नाही. तुम्हाला येते.