बंद न केलेलं मशीन

दिवाकरन माशांनी (मल्याळी मुलखात मास्तरांना माश म्हणतात) बॅटरीच्या तोंडांत पाणी ओतून पाहिलं, तारांची टोकं घासून पाहिली, पण इन्व्हर्टरची शिट्टी थांबेना. उलट ती आता घाईघाईनं वाजू लागली होती. म्हणजे फार तर अर्धा तास. पाण्यानं काही होणार नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

परवा दुपारच्या वादळात सागाचं झाड तारांवर कोसळलं, तेव्हापासून गावात वीज नव्हती. घरातले पंखे-दिवे बंद ठेवून माशांनी दोन दिवस दोन्ही बॅटऱ्यांची सगळी वीज मागच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरला, त्यांच्या भाषेत मशीनला, दिली होती. तासाभरापूर्वी ते जनरेटर मागायला गावातल्या वर्गीसकडे गेले आणि रिकाम्या हातानं परतले. जनरेटर त्याच्या भाचीच्या लग्नाला गेला होता. त्यांनी पुन्हा लाइनमन जोबीला फोन लावला. तो त्यांचाच विद्यार्थी.

"माश, तेरा खांब आडवे झालेत. मी काय खांद्यावर तार घेऊन उभा राहू?"

"उद्या सकाळी तरी?"

"परवा धरून चाला. आणि एवढं काय अडलंय? नीट बंद केलं की मशीनला काही होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

माशांनी फोन ठेवला.

माश खरे भौतिकशास्त्राचे. पण शाळांमध्ये लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली आली आणि म्हाताऱ्याला पंख फुटले. कापडी पिशवीत सीडीच्या चकत्या घालून ते बसनं शाळाशाळांतून हिंडले, दुसऱ्या मास्तरांना शिकवत राहिले. लोकांनी टाकून दिलेली मशीनं त्यांनी भाकड गुरं सांभाळावीत तशी मागच्या खोलीत आणून बांधली. "तुमची मशीनं रोज मरतात, रोज जन्मतात," असं ते विकतची प्रणाली वापरणाऱ्या खिडक्यावाल्यांना चिडवत. "आमचं एकदा उठलं की उठलं." हे मशीन उठून चार वर्षं दोन महिने झाले होते. गावाला वाटे, म्हातारा पैज जिंकायला निघालाय.

पैज कसली. मशीनच्या आत कोण कोण आहे, हे विचारायची एक छोटी आज्ञा असते. रोज सकाळी आंघोळ झाली की माश मशीनचा पडदा चालू करून ती आज्ञा देत. दोन नावं येत. एक त्यांचं, दुसरं मुलाचं. चार वर्षांपूर्वी एका रविवारी, पावणेपाचला, कण्णन दुसऱ्या पडद्यावर आपल्या नावानं आत शिरला होता. मग दूध आणतो म्हणून त्यानं स्कूटर काढली, आणि पुलाच्या वळणावर लॉरी आली. माणूस स्वतः बाहेर पडेपर्यंत किंवा मशीन बंद होईपर्यंत ते नाव तिथून हलत नाही. मुलगा आत आहे, असं म्हणणारी जगात तेवढीच एक जागा उरली होती.

अशा मशीनमध्ये एकामागं एक वेगळे पडदे असतात; दोन कळा दाबल्या की त्याचा पडदा समोर आला असता. माशांनी त्या कधी दाबल्या नाहीत. माझ्या पडद्यात डोकावायचं नाही हं अच्छा, असं पोरानं बाराव्या वर्षी बजावलं होतं; बापाला तो अच्छा म्हणे. ती मर्यादा त्यांनी पाळली. गडगडाट झाला की त्या मुलखात घरोघरच्या बायका आधी विजेच्या उपकरणांच्या सगळ्या पिना उपसतात, माशांची बायको सुभद्राम्माही उपसत. पण या मशीनपाशी त्यांना माश फिरकू देत नसत. यावरून दोघांचं किती वेळा वाजलं असेल.

शिट्टी आता सलग झाली. माश खुर्चीवर बसले, पडदा चालू केला. बंद करायची आज्ञा त्यांना झोपेतही आली असती, पण बोटं पुढं जाईनात. मग त्यांनी आजवर टाळलेली दुसरी आज्ञा दिली. कोणी किती वेळापूर्वी शेवटची कळ दाबली, तेही ती सांगते. चार वर्षांच्या शांततेचा आकडा त्यांना पाहवला नसता म्हणून त्यांनी ती टाळली होती. आज निरोपाला तो पाहावा असं वाटलं.

कण्णनच्या नावापुढं लिहिलं होतं, पन्नास मिनिटं.

माशांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्या दोन कळा दाबल्या.

पडदा ओळींनी भरला होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मल्याळम, फोनवर लिहितात तसं. कण्णा, आज फणस फोडला. कण्णा, मावशीचं ऑपरेशन झालं, बरी आहे. कण्णा, अच्छा वाचनालयात गेलेत. कण्णा, वीज नाही, अच्छा जेवले नाहीत. आणि प्रत्येक ओळीखाली मशीनची ठरलेली इंग्रजी ओळ: कण्णा, अशी आज्ञा सापडली नाही. त्याला दुसरं काय कळणार? ओळीतला पहिला शब्द शोधायचा आणि नसेल तर नाही म्हणायचं, एवढंच त्याला येतं.

मागं पावलं वाजली. सुभद्राम्मा काळ्या चहाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला.

"त्यानंच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "या दोन कळा दाब अम्मा, ही माझी खोली."

"कधीपासून?"

"तेराव्यापासून. तुम्ही पेपर वाचायला गेलात की."

माशांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ते खाली काय लिहून येतं, माहीत आहे तुला?"

"नॉट एवढं कळतं मला. दहावी झालेय मी." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "नाही तर नाही. पण दर वेळी आधी त्याचं नाव येतं ना. या घरात चार वर्षांत दुसऱ्या कुणी घेतलंय का ते?"

माशांनी चष्मा काढला. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. मग ते आपल्या पडद्यावर परतले आणि आज्ञा लिहिली. मशीननं सगळ्यांना बाहेर काढलं, एकेक काम आवरलं. मशीनचा पंखा फिरायचा थांबला. इन्व्हर्टरची कळ त्यांनी स्वतःच बंद केली. खोलीत इतकी शांतता चार वर्षांत कधी नव्हती.

सुभद्राम्मा जायला वळल्या.

"कण्णननं," माश म्हणाले. चहाचा पेला त्यांनी हातात घेतला. "कण्णननं पहिल्यांदा मशीन उघडलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता."

सुभद्राम्मा थांबल्या. स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसल्या.

"नऊ," त्या म्हणाल्या.