नकाशात नसलेलं दार

हरितनगर म्हणजे कोरपन्याच्या रस्त्यावरच्या सिमेंट कारखान्याची साहेबलोकांची कॉलनी. बाहेर सगळी धूळ आणि आत हिरवळ, पोहायचा तलाव, बॅडमिंटनचा हॉल, मधोमध इंग्रजी शाळा. शाळेची घंटा प्रत्येक बंगल्यात ऐकू येते, तरी पोरांना न्यायला बस दारात उभी राहते. शिकवण्या इतक्या, की खेळायचासुद्धा क्लास लावावा लागतो. गोकुळाला हे सगळं पाठ होतं. अकरा वर्षं ती डोक्यावर मासोळीचं टोपलं घेऊन याच गल्ल्यांतून फिरत होती. कोणाला रोहू लागतो, कोण झिंग्यांसाठी भांडतं, कोणाकडे भर श्रावणात गुपचूप मासोळी शिजते, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या तोंडात तीळ भिजायचा, म्हणून धंदा टिकला होता.

एप्रिलात तिच्या लेकीचं, सहा वर्षांच्या पायलचं, नाव या शाळेतल्या मोफत जागांच्या सोडतीत निघालं. गोकुळाचे पाय जमिनीवर ठरेनात. पायल तर अंगणातल्या कोंबड्यांनाही 'गुड मॉर्निंग' म्हणू लागली.

कागद घेऊन गोकुळा शाळेत गेली, तर तिथले कारकून सुरेंद्रबाबू यांनी मोबाइलवर नकाशा उघडला आणि मान हलवली.

"गोकुळाबाई, घर एक किलोमीटरच्या आत पाहिजे. तुमचं पिंपळतळा गाव चार दाखवून राह्यलं."

"चार कुठून जी? गावतलावाच्या पाळीवरून पंधरा मिनिटांत येतो आम्ही. मागच्या भिंतीतल्या दारानं."

"ते दार नकाशात नाई. कॉलनीच्या प्लॅनमधी पण नाई. कागदावर रस्ता मेन गेटचाच."

"मंग आम्ही रोज भिंतीतून आरपार येतो का?"

सुरेंद्रबाबू वाईट माणूस नव्हता, नियमाचा होता. आणि नियमाच्या माणसापुढे रडून उपयोग नसतो. "बुधवारी तपासणीची कमिटी येते," तो म्हणाला. "तवरिक दाराचा काही कागद आणा."

कॉलनीच्या ऑफिसात कागद मिळाला नाही. ते दार फक्त सोयीसाठी आहे, लिहून देता येत नाही, असं उत्तर आलं. सोय कोणाची, ते कोणी बोललं नाही. साहेबांचा सकाळचा चहा वेळेवर व्हावा, म्हणूनच तर भिंत फोडून ते दार बसवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी गोकुळा पाळीवर बसून रडली. धुणीभांडी करणाऱ्या बाया, माळी, शाळेच्या बसमधल्या आया, सगळे तिथूनच घरी परतत होते. त्यांच्यातली थोरली कांताबाई तिच्याजवळ टेकली. पुढच्या वर्षी तिच्या नातीचाही अर्ज भरायचा होता.

"रडतं काऊन? दार नाई म्हणतेत ना? मंग नसलेल्या दारातून आपण जायाचं कसं? उद्या समदे मेन गेटनं जाऊ."

मंगळवारी चाळीस माणसं सिमेंटच्या ट्रकांच्या कडेकडेनं, हमरस्त्यानं, चार किलोमीटर चालत निघाली. गोकुळा टोपलं घेऊन सगळ्यात मागे होती. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं एका दिवसात तुटली तर? आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला दर पावलाला वाटत होतं.

तिकडे हरितनगरात हाहाकार उडाला होता. भांडी तशीच, डबे रिकामे. ज्या साहेबांना कारखान्याची भट्टी पेटवता येते, त्यांना घरची शेगडी पेटेना. आया नाहीत म्हणून बसही सुटेना, आणि घंटा ऐकू येणाऱ्या शाळेपर्यंत पोरांना चालत न्यायचं कोणाला सुचेना. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका निशात मॅडम स्वतः मेन गेटवर आल्या. मागोमाग सुरेंद्रबाबू.

"इतका उशीर का झाला, कांताबाई?"

"बाबू म्हणतेत मागं दारच नाई. म्हणून हिकडून आलो, मॅडम."

निशात मॅडमनी सुरेंद्रकडे पाहिलं. त्यानं नकाशाकडे पाहिलं.

"फोन खिशात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "आणि मोजायची टेप घ्या. चला, गोकुळाबाई, तुमचं घर दाखवा."

उंच टाचांच्या चपला हातात घेऊन मॅडम पाळीवरून चालल्या. गोकुळाच्या अंगणापर्यंत आठशे चाळीस मीटर भरले. सुरेंद्रनं स्वतःच्या हातानं आकडा लिहिला, आणि खरं सांगायचं तर त्यालाही हायसं वाटलं. अंगणात पायलनं मॅडमना 'गुड मॉर्निंग' घातलं. कोंबड्यांवर घासूनपुसून झालेलं असल्यानं ते अगदी स्वच्छ निघालं.

दुपारपर्यंत ऑफिसातून पत्र आलं: कॉलनीला मागील बाजूस एक दार आहे. बुधवारी कमिटीनं शिक्का मारला.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली. दार आता सरकारमान्य झाल्यासारखं झालं होतं, म्हणजे त्याला रंग लागला, नंबर लागला आणि अर्थातच एक रजिस्टर आलं. चौकीदार झिंगूभाऊ पेन घेऊन बसला होता. गोकुळा टोपलं घेऊन आली, बरोबर नव्या गणवेशातली पायल.

"नाव लिहा, बाई. काम काय तेही लिहा."

गोकुळानं वाकडंतिकडं नाव लिहिलं, पुढं 'मासोळी' लिहिलं. पायलनंही पेनासाठी हात पुढे केला.

"तू नाई," झिंगूभाऊ म्हणाला. "बाहेरच्याले लिहा लागते. तू शाळेची पोरगी, तुले कोण इचारते?"

पायल मागं न पाहता आत पळाली. गोकुळा तिथंच उभी राहिली. एक हात टोपल्याला होता, दुसऱ्यात झिंगूभाऊचं पेन, त्यामुळे तिला डोळे पुसता आले नाहीत.